हार नीटच बांधला होता

आमच्या सोसायटीत गेलं वर्षभर मी 'हारवाल्या वहिनी' आहे. कुणी नवी गाडी आणली की माझ्याकडे बघून हसायचं, हा रिवाजच पडला. गणपतीच्या मखराला तोरण लावायला मी स्टुलावर चढले, तर खालून आवाज आला, "वहिनी, गाठ बघा हं." मी खाली उतरले आणि तोरण त्या माणसाच्या हातात दिलं. त्याला ते बांधता येईना, तरी हसणं माझ्याच वाट्याला आलं.

मला राग लवकर येतो आणि लवकर जात नाही. माहेरी सगळे सांगायचे, लग्नानंतर कमी होईल. तो वाढला, आणि त्याला कारणही मिळत गेलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी शाळेत पोरांना वर्षानुवर्षं शिकवली. तिचा अर्थ कसा लागतो ते मला स्वतःच्या सोसायटीत कळलं.

सुरुवात दोन गाड्यांपासून करायला हवी. एक निळी, ती माझ्या नवऱ्याची. दुसरी लाल, ती ए-विंगमधल्या सोसायटीच्या सेक्रेटरींची. दोन्ही सेडान, दोन्ही बुटक्या, आणि दोन्हींना एवढी ताकद की नेरूळच्या स्पीडब्रेकरांवर ती वापरायची कुठे हा प्रश्न पडावा. या गाड्या बनवणाऱ्या दोन कंपन्यांचं तिकडे परदेशात जुनं वैर आहे म्हणे. असेल. पण त्यांचं भांडण आमच्या पार्किंगमध्ये लढायची सुपारी या दोघांना कुणी दिली होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि हे काही विशीतले पोरगे नव्हेत. दोघांनीही चाळिशी कधीच ओलांडली, दोघांच्या मुली अकरावी-बारावीत. नवऱ्याला गुडघेदुखी, सेक्रेटरींना शुगर. एकमेकांसमोर आले की मात्र टर्बो, पिकअप, शून्य ते शंभर, याशिवाय विषय नाही. सेक्रेटरींनी सायलेन्सर बदलून घेतला. गाडी सुरू झाली की लवंगी फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज यायचा आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी खिडक्या लावून घ्यायच्या. सोसायटीत रात्री दहानंतर गाणी लावू नका, अशी नोटीस काढणारे गृहस्थ हेच.

रविवारी सकाळी दोघे "मिसळ खायला" जायचे. पाम बीचवर, शहर जागं व्हायच्या आत. परत आल्यावर नवरा मला म्हणायचा, "पोहे टाक ना, भूक लागलीय." मिसळ खाऊन आलेल्या माणसाला इतकी भूक कशी लागते, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. मी भांडले. एकदा तर रस्त्यावरच्या माणसांची आठवण करून दिली. सकाळी फिरायला येणारे असतात, सायकलवाले असतात, गावठाणातल्या बायका जेट्टीकडे जायला तोच रस्ता ओलांडतात. त्यावर तो म्हणाला, "तू टेन्शन नको घेऊ. आम्ही रोड रिकामा बघूनच ओढतो." रिकामा रस्ता म्हणजे ज्याच्यावर गाडी नाही तो, अशी त्याची व्याख्या. चालणारी माणसं त्यात मोजलेली नव्हती.

या दोघांचं भांडण मिटत नव्हतं ते एकाच गोष्टीवरून. आज कोण पुढे होतं? दोघेही म्हणायचे मीच. मग पंच हवा झाला, आणि त्यांनी पंच कुणाला करावं? माझ्या सासऱ्यांना.

सासरे साताऱ्याकडचे. आयुष्यभर एसटीचा लाल डबा चालवला, घाटातून, धुक्यातून, जत्रेच्या गर्दीतून. कधी कुणाला ओरखडा म्हणून नाही. निवृत्त होताना बिनअपघाती सेवेचा बिल्ला मिळाला, तो आमच्या हॉलमध्ये देव्हाऱ्याच्या शेजारी लावलेला असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बिल्ला दाखवायचे नाहीत, फक्त त्याच्या खालच्या खुर्चीत बसायचे. असा माणूस या दोन घोड्यांचे कान उपटेल असं मला वाटलं होतं. ते कसले उपटतात? "बगूया तरी कुनाची गाडी पळती," म्हणाले आणि उपरणं खांद्यावर टाकून तयार झाले. त्या दिवशी मी त्यांच्याशीही अबोला धरला होता. त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती मला आधी दिसली नव्हती, हेही खरं. जन्मभर स्पीड लॉक केलेली बस चालवली होती बिचाऱ्यांनी.

गेल्या वर्षीचा दसरा. आमच्याकडे सगळ्या गाड्यांची पूजा एकत्र होते, गेटच्या आतल्या मोकळ्या जागेत. स्कूटरपासून शाळेच्या व्हॅनपर्यंत सगळं धुऊनपुसून रांगेत उभं राहतं. हार बांधायचं आणि गाड्या ओवाळायचं काम दरवर्षी माझ्याकडे. फुलं वाशीच्या मार्केटमधून येतात, हार आम्ही बायका आदल्या दिवशी करतो. मी निळ्या गाडीच्या जाळीला हार बांधला, दोन्ही टोकांना सुतळीची गाठ, वर आणखी एक गाठ. शाळेत पंधरा ऑगस्टला झेंड्यात फुलं बांधणारी बाई आहे मी, मला गाठ शिकवायची गरज नाही. लाल गाडीलाही मीच बांधला. चाकाखाली लिंबं ठेवली, कुंकू लावलं, ओवाळलं.

लिंबं चिरडत दोन्ही गाड्या गेटबाहेर पडल्या. "सीमोल्लंघन करून येतो," सेक्रेटरी हसत म्हणाले. "हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पहिलं सोनं द्यायचं, पाया पडून." सासरे निळ्या गाडीत पुढे बसले होते. नवऱ्याने मला सांगितलं, बाबांना आपट्याची पानं आणायला नेतोय. बरोबर सणाच्या दिवशी, कपाळाला कुंकू लावून, तो मला खोटं बोलला. आणि मी श्रीखंडाचं पातेलं काढायला घरी गेले.

पुढचं मला नवऱ्याने फोनवर सांगितलं, हॉस्पिटलमधून. बाबांना त्यांनी जेट्टीच्या वळणाजवळ फुटपाथवर उभं केलं. दोघे मागे जाऊन सुटले. बाबांच्या जवळ येताना हार तुटला, फुलं काचेवर आली, काही दिसेना, गाडी कडेला ओढली जाऊन घासली. बाबा घाबरून मागे सरकले आणि फुटपाथच्या कडेवर पडले. खुबा मोडला. "तू हार नीट बांधला नव्हतास," तो म्हणाला. सासऱ्यांना ऑपरेशनला नेत होते आणि हा माणूस मला हाराचं सांगत होता.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा त्याने तिथे लिहून दिलं होतं की वडील बाथरूममध्ये घसरले. डॉक्टरांनी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "हां, घसरलो. ओलं हुतं." ज्या माणसाने आयुष्यात गाडीचा एक आरसा फुटला तरी डेपोत जाऊन सांगितलं होतं, तो माणूस पोरासाठी पांढऱ्या चादरीवर पडून खोटं बोलला. मला इतका संताप आला की मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. तिथून परत आले तर नवरा वडिलांच्या कानाशी वाकला होता. मला वाटलं, माफी मागतोय. तो विचारत होता, "बाबा, पण पुढे कोण होतं?"

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी शहाळी घेऊन आले. थोडा वेळ बसले, तब्येतीची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले, "काका, तुमचा शब्द तो शेवटचा. लाल की निळी?" सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांना शहाळ्यांसकट दारापर्यंत पोचवून आले.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी कपडे न्यायला मी घरी आले होते. पार्किंगमध्ये निळी गाडी उभी होती. तिच्या जाळीवर माझा हार जसाच्या तसा. टोकं दोन्ही जागेवर, गाठी घट्ट, फुलं सुकलेली पण एकही सुटलेलं नाही. मी फोटो काढला नाही, कारण नवऱ्याला पुरावा दाखवावा लागेल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. रात्री त्याला सांगितलं. तो म्हणाला, "चार फुलं सुटली असतील. बाबा आत पडलेत आणि तुला गाठींचं पडलंय." सकाळी वॉचमनने गाडी धुतली, हार गेला आणि गोष्ट मात्र राहिली. सेक्रेटरींनी ती सोसायटीभर सांगितली, मोठ्या आपुलकीने. वहिनी बिचाऱ्या घाईत होत्या, गाठ सैल राहिली, होतं असं. मला बिचारी म्हणणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

मग काचेवर फुलं आली कुठून, हे मला दिवाळी झाल्यावर कळलं.

आमच्याकडे मासे घेऊन येणारी एक बाई आहे, खाडीकाठच्या गावठाणातली; खाली गेटाबाहेर पाटी मांडून बसते, कधी दारातही येते. कोळंबी, बोय, चिंबोऱ्या, नशीब असेल त्या दिवशी जिताडं. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. मधे बरेच दिवस ती फिरकली नव्हती. त्या दिवशी दारात आली ती जिवंत चिंबोऱ्या घेऊन, आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाली, "म्हातारा कसा हाय तुजा? रस करून दे याचा, पायान ताकद येल."

मी विचारलं, तुला कसं कळलं?

"मना नाय कलनार?" ती तिथेच उंबऱ्याशी बसली. "आमच्या होरीची पूजा व्हती. पाटीन फुला व्हती, नारल व्हता, जेट्टीवर चालले व्हते. रस्त्यान पाय टाकला न म्हातारा वरडला. मना धरून मागं खेचला, न तो पडला. पाटी गेली, फुला गेली गारीच्या काचेवर. तुजा सासरा नसता त मी आज नाय दिसले असते."

तिच्या होडीची फुलं. दसऱ्याला तीसुद्धा आपल्या वाहनाची पूजा करायला निघाली होती. माझ्या हातातली टोपली मी खाली ठेवली. ती पुढे सांगत होती, म्हाताऱ्याला पाणी पाजलं, मांडीवर डोकं घेतलं, मग दोन माणसं धावत आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. कुठली गाडी, कोण माणसं, तिने बघितलंच नव्हतं. ती म्हाताऱ्याकडे बघत होती.

मी तिला तिथेच सांगितलं. गाडी आमची होती, चालवणारा माझा नवरा होता. लपवायचं मला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी जमलं नसतं. ती चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडत राहिली. मग म्हणाली, "दर रयवारी येतो तो माज्याकडं. मावशी मावशी करतो." उठताना पैसे घेतले नाहीत. आता ती तिथून रस्ता ओलांडत नाही, सिग्नलपर्यंत वळसा घालून जाते, एवढं मात्र सांगून गेली. वळसा तिला, आम्हांला काही नाही.

मी तशीच आत गेले आणि सासऱ्यांना विचारलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हाईत हाय मला. मी हुतो न्हवं तिथं."

"मग इतके दिवस गप्प का? सगळे मला बोलतात ते तुम्हांला ऐकू येत नाही?"

"त्याला कळलं तर त्याचं हात लटपटत्याल. आमच्यात एक हुता. बाई चाकाखाली येता येता ऱ्हायली, तवापासनं त्यानं स्टेरिंगला हात लावला न्हाई."

"मग याने पण नको लावू दे."

 ते बिल्ल्याकडे बोट करून म्हणाले, "त्यो काढून ठेव. उपरणं हालवाय मीच हुबा ऱ्हायलो हुतो. मी न्हाई म्हनलो असतो तर ह्ये दोघं गेलंच नसतं." मी म्हटलं, तुमचा बिल्ला मी काढणार नाही, तुमचा तुम्ही काढा. वॉकर घेऊन चालायला लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट ती केली. भिंतीवर खिळा राहिला. नवऱ्याने विचारलं, बिल्ला कुठे गेला? धुळीने काळा पडला होता, पुसायला काढला, असं ते म्हणाले. त्यालाही ते पुरलं.

मी नवऱ्याला सांगितलं का नाही? कारण माझ्या तोंडून ते बायकोचं भांडण झालं असतं. हाराचा आळ माझ्यावर होता, मी काहीही सांगितलं तरी अंगावरचं झटकतेय असंच तो म्हणाला असता. ज्याचा शब्द शेवटचा असं या दोघांनी ठरवलं होतं, त्यानेच बोलायला हवं होतं. मी वाट बघितली, आणि वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. वर्षभर तो बापाच्या रसासाठी चिंबोऱ्या आणायला मावशीकडे जात राहिला. ती त्याच्याकडे बघून हसायची बंद झाली होती. ते त्याच्या लक्षातही आलं नाही. गाडी मात्र त्याने दुरुस्त करून घेतली आणि पुन्हा रविवारी भूक लागायला लागली.

परवा दसरा झाला. गेटच्या आत गाड्या रांगेत, बायकांच्या हातात ताटं, खुर्च्या मांडलेल्या. सासरे पहिल्यांदाच खाली आले होते. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, वॉकर समोर. मी निळ्या गाडीपाशी हार घेऊन उभी राहिले तेव्हा सेक्रेटरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, या वेळी घट्ट बांधा हं. आज पुन्हा सीमोल्लंघन आहे."

सगळे हसले. नवरा पण हसला. ते त्याचं हसणं मला सगळ्यात जास्त लागलं. मी हार खाली टाकून वर निघून जाणार होते.

"हार नीटच बांधला हुता," सासरे म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण त्यांनी असं सगळ्यांत कधी काही बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. सेक्रेटरींना वाटलं, काका रंगात आले. ते जवळ जाऊन वाकले. "काका, मग आज सांगूनच टाका. लाल की निळी?"

"ते मी बगितलंच न्हाई," सासरे म्हणाले. "माजं ध्यान त्या बाईकडं हुतं. डोक्यावर पाटी घिऊन रस्त्यात उतरली हुती. तिला वडली आन् मी पडलो. काचंवर आली ती तिची फुलं. ह्या पोरीचा हार जाग्याला हुता, मला गाडीत घालताना मी बगितला." मग त्यांनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं. "तुमच्यापैकी कुनाला दिसली का ती बाई?"

मघाशी हसणारे आता आपापल्या ताटांतली फुलं सारखी करत होते. सेक्रेटरी मागे सरकले, त्यांच्या लाल गाडीला त्यांचा पाय लागला, तरी त्यांनी खाली बघितलं नाही. नवरा तसाच उभा. किल्ली हातात, कपाळाला मी लावलेलं कुंकू. मग त्याने मला विचारलं, बापाला नाही, मला.

"कुठली बाई? ती पाणी पाजत होती ती?"

त्याने तिला बघितलं होतं. मांडीवर बापाचं डोकं घेतलेली बाई त्याने दोन हातांवरून बघितली होती, आणि तिच्या मांडीवरून बापाला उचलून आणलं होतं.

"हो, तीच," मी म्हटलं. "काल खाली जाऊन तू जिला सांगून आलास ना, मावशी, उपास संपले की माझ्यासाठी मोठं जिताडं ठेव. ती."